मिशनरी विमानांच्या सेंटरचं ओपन हाऊस: राइडसाठी नाही, हँगरसाठी जा

आधी निकाल सांगून टाकते, पाचापैकी चार स्टार, पाचवा का कापला ते खाली येईलच. अमेरिकेत राहत असाल, घरात विमानाचं वेड लागलेलं एखादं पोर असेल आणि एअर शोची ती गर्दी, कानठळ्या आणि तिकिटं याला कंटाळला असाल तर मिशनरी विमानांच्या सेंटरचं ओपन हाऊस, म्हणजे सगळ्यांना आत फिरू देतात तो दिवस, एकदा बघाच. सेंटरचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली थोडी कुरकूर आहे आणि ही सगळी मंडळी देणग्यांवर चालतात, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. आम्ही ख्रिश्चन नाही, धार्मिक म्हणावं असेही नाही, त्यामुळे आत शिरताना जरा अवघडल्यासारखं झालेलं, म्हणजे आता आपल्याला धरून प्रवचन ऐकवतात की काय असं. तसं काही झालं नाही. दारावर एक आजी होत्या, त्यांनी नकाशा दिला, पोराच्या हातावर शिक्का मारला आणि म्हणाल्या आधी लांबचं हँगर, म्हणजे विमानं दुरुस्त करायची शेड, बघून घ्या, तिथे दुपारनंतर कुणी भेटत नाही. दिवसभरातला सगळ्यात कामाचा सल्ला तोच निघाला.

ज्यांना हे काय असतं तेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जिथे रस्ता नाही, नदीनं जायचं तर दिवसच्या दिवस जातात, अशा ठिकाणी मिशनरी, डॉक्टर, औषधं, शाळेचं सामान, बाळंतपणात अडलेली बाई असं सगळं छोट्या विमानानं न्यायचं आणि आणायचं, याला मिशनरी एव्हिएशन म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात विमानं उडवलेल्या काही ख्रिश्चन वैमानिकांनी 1945 मध्ये एक संस्था काढली, तीच आजची मिशन एव्हिएशन फेलोशिप, सगळे एमएएफ म्हणतात. आणि 1946 मध्ये तिचं पहिलं विमान मेक्सिकोला घेऊन गेली ती एक बाई, बेटी ग्रीन, युद्धात वास्प नावाच्या महिला वैमानिकांच्या दलात होती ती. पहिल्या हॉलमध्ये तिचा फोटो बघून मी तिथेच थांबले, माझ्या नवऱ्याला पुढे जायची घाई, पण 1946 साली दोन पंखी वेको विमानात माणसं बसवून सरहद्द ओलांडणारी बाई म्हणजे काय चीज असेल हो!

त्याच भिंतीवर कॅमेरॉन टाउनसेंड यांची गोष्ट. हे बायबल भाषांतरवाले. 1947 मध्ये दक्षिण मेक्सिकोत त्यांचं विमान पडलं, बरोबर बायको आणि तान्ही मुलगी. वाचले सगळे, पण डोक्यात एक गोष्ट पक्की बसली की जंगलात उडायचं तर नीट विमानं, नीट शिकलेले वैमानिक आणि नीट मेकॅनिक आपले आपणच उभे करायला हवेत. पुढच्या वर्षी, 1948 मध्ये, त्यातून जार्स नावाची संस्था निघाली. हे सगळं बोर्डांवर बारीक अक्षरात लिहिलंय आणि कुणी थांबून वाचत नाही, शेजारी मोठ्या स्क्रीनवर जोरजोरात म्युझिक लावलेला व्हिडिओ चालू असतो, त्यात सूर्यास्त, ढग, हसणारी मुलं, परत सूर्यास्त. व्हिडिओ बंद करून त्या बोर्डांपुढे एक बोलका माणूस उभा केला असता तर पब्लिक तासभर हललं नसतं.

आता हँगर. माझे सासरे बरोबर होते, त्यांचं आख्खं आयुष्य डिझेल इंजिनं उघडण्यात आणि जोडण्यात गेलंय. इंग्रजी जेमतेम, आणि खरं सांगायचं तर त्यांना आम्ही बळेच आणलं होतं, घरी एकटे बसून काय करणार म्हणून. तिथे आत पाऊल टाकलं आणि माणूस बदललाच. मधोमध एक सेसना 206 उघडी, इंजिनाचं कव्हर काढलेलं, सीटा बाहेर, फ्लोअरच्या पट्ट्या बाहेर, पंखाच्या खालची सगळी तपासणीची झाकणं बाहेर, आणि प्रत्येक स्क्रू आपापल्या चिठ्ठी लावलेल्या पिशवीत. भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या विमानाची अमेरिकेत दर 100 तास उड्डाणानंतर तपासणी करावी लागते, शिवाय वर्षाची मोठी तपासणी वेगळी, आणि दमट हवेच्या प्रदेशातून आलेल्या विमानात खरी शोधाशोध असते गंजाची. मेकॅनिकनं बाबांच्या हातात टॉर्च आणि छोटा आरसा दिला आणि शेपटीच्या पोकळीत बघायला लावलं. बाबा पाच मिनिटं आतच. बाहेर आले ते मला म्हणतात, "अगं, धुळीचा कण नाही गं आत. विचार त्याला, किती दिवस लागले साफ करायला." विचारलं. तो मुलगा हसला, म्हणाला साफ करणं हीच तपासणी आहे, साफ केल्याशिवाय तडा दिसणार कसा. बाबांना भाषांतर करून सांगायच्या आधीच कळलं होतं, मान डोलवत होते.

त्यानंतर सेफ्टी वायरचं टेबल, आणि हे मी जरा सविस्तर सांगणार आहे कारण मला स्वतःला कधी माहीत नव्हतं. विमानाच्या इंजिनात थरथर इतकी की नुसता आवळलेला बोल्ट कधी ना कधी सैल होणार, मग काही बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडलेलं असतं, त्यातून स्टीलची तार घालून तिचे दोन पदर एकमेकांवर पिळत शेजारच्या बोल्टपर्यंत न्यायचे आणि तिथे बांधायचे. पीळ एका इंचात सहा ते आठ, त्याहून कमी नको आणि जास्तही नको, जास्त पिळली तर तारच तुटते. आणि मुख्य गंमत म्हणजे दिशा. तार अशी ओढून बांधायची की एक बोल्ट सैल व्हायला निघाला तर तारेमुळे दुसरा आवळण्याच्या दिशेला खेचला गेला पाहिजे, म्हणजे दोघं एकमेकांना सुटूच देत नाहीत. बाबांनी पक्कड घेतली, तिची मागची मूठ ओढली की पक्कड स्वतःभोवती गरगर फिरते आणि पीळ बसतो, एकदम सुंदर पीळ पडला, बाबा खूश. मेकॅनिकनं बघितलं, एक शब्द न बोलता तार कापली आणि नवीन तुकडा हातात ठेवला. उलट्या बाजूनं बांधली होती! बाबांना राग आला नाही, उलट आयुष्यभर असंच शिकवत आलेल्या माणसाला बरोबरीचा कुणीतरी भेटल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. दुसऱ्यांदा बरोबर बसली. मग दोघांनी मिळून एका तुकड्यावर पीळ मोजले, एक मराठीत आणि एक इंग्रजीत.

तो मुलगा अजून शिकाऊ होता. मेकॅनिकचं लायसन्स मिळवायला, एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) आणि पॉवरप्लांट (इंजिन) दोन्ही मिळून, कामाच्या अनुभवाच्या रस्त्यानं 30 महिने लागतात, मग लेखी, तोंडी आणि हातानं करून दाखवायची परीक्षा. आणि इथे पगार असा नाहीच. वैमानिक असो की मेकॅनिक, परदेशी जायच्या आधी आपला खर्च उचलणारे लोक आणि चर्च स्वतः शोधायचे, दर महिन्याचे पैसे पूर्ण बांधले गेले की मगच निघायचं. हे ऐकून नवरा चाट पडला. एअरलाइनमध्ये हेच लायसन्स घेऊन गेला तर काय कमावेल हा पोरगा, आणि हा लोकांकडे हात पसरून न्यू गिनी बेटावरच्या पापुआला जाणार. यात श्रद्धा किती आणि वेड किती ते तुमचं तुम्ही ठरवा, आमचं घरी येईपर्यंत यावरच भांडण चाललं होतं.

पोराला काय आवडलं तर रिव्हेट मारणं. दोन पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, भोकात रिव्हेट, एकानं हवेची गन लावायची आणि दुसऱ्यानं मागून लोखंडाचा जड ठोकळा दाबून धरायचा, दोघांचा ताल जमला तरच मागचं टोक नीट चपटं होतं. मी ठोकळा धरला. हाताला मुंग्या आल्या आणि आमचा रिव्हेट तिरका झाला, तो ड्रिलनं काढून परत मारायला लावला. शेवटी जो बसला ती पट्टी घरी न्यायला मिळते. मुलांसाठी गॉगल आणि कानावर लावायची हेडफोनं दोन्ही होती, चांगली गोष्ट.

बाहेर विमानं मांडलेली. सगळ्यात जुनं आणि माझ्या मते सगळ्यात हुशार म्हणजे हेलिओ कुरियर. पंखाच्या पुढच्या कडेला एक पट्टी असते, बोटांनी ढकलली की रोलरवरून सुळकन आत सरकते. हिला मोटर नाही, तार नाही, वैमानिकाकडे बटण नाही. वेग कमी झाला, नाक वर आलं की हवेच्या दाबानं आपोआप बाहेर येते आणि पंख हवेला धरून राहतो. म्हणून हे विमान ताशी 30 मैलांच्या आसपासही हातात राहतं, जिथे दुसरं विमान कधीच खाली कोसळलं असतं. अशा विमानाला एवढीशी मोकळी जागा पुरते, जंगलात तेवढीच तर असते.

शेजारी कोडियाक 100, नवीन जमान्यातलं. हे विमान आयडाहोत सँडपॉइंटला बनतं, 2007 मध्ये सर्टिफिकेट मिळालं, आणि मुळात डिझाइनच मिशनवाल्यांची गरज डोळ्यापुढे ठेवून झालेलं. कारण काय, तर इंधन. सेसना 206 सारख्या पिस्टन विमानाला एव्हगॅस, म्हणजे विमानाचं खास पेट्रोल लागतं, ते दुर्गम भागात मिळायची मारामार, पिंपं भरून आणावं लागतं आणि महाग पडतं. जेट फ्युएल म्हणजे जवळपास आपलं रॉकेलच, ते त्यामानानं सहज मिळतं. म्हणून 750 हॉर्सपॉवरचं पीटी6 टर्बोप्रॉप इंजिन, वैमानिक धरून दहा माणसं, आणि पूर्ण वजन भरूनही 1000 फुटांच्या आत चाकं जमीन सोडतात. कव्हर उघडून ठेवलं होतं त्यामुळे बाबा परत अडकले. या इंजिनात हवा मागच्या बाजूनं आत शिरते, पुढे पुढे जात दाबली जाते, जळते आणि धूर पुढून पंख्याजवळ बाहेर पडतो. बाबांनी दोनदा खात्री करून घेतली, "म्हणजे तोंड मागं आणि सायलेन्सर पुढं?" हो बाबा. वरून म्हणे पंखा फिरवणारी टर्बाइन आणि हवा दाबणारी टर्बाइन यांना जोडणारा दांडाच नाही, मधे फक्त गरम वायू. बाबा तिथून हलेनात. त्यांना समजावणारे काका निवृत्त वैमानिक होते, ते इतके रंगले की मागे रांग लागली तरी त्यांना पत्ता नाही.

याच काकांनी सिम्युलेटरही चालवला. पापुआतल्या डोंगरातली धावपट्टी, चढाची. अशा ठिकाणी उतरायचं चढावर आणि निघायचं उतारावर, वारा कुठूनही असो. 10 टक्क्यांहून जास्त चढाच्या पट्ट्या आहेत तिथे, समोर डोंगराची भिंत, त्यामुळे एका ठरावीक ठिकाणापुढे आलात की परत वर जाता येत नाही, उतरायचंच. तो पॉइंट वैमानिकानं आधीच ठरवलेला असतो, एखादं झाड, नदीचं वळण. पोरानं दर वेळी विमान डोंगरात घातलं, काका शांतपणे विचारायचे, "तुझं झाड कुठे होतं?" पोराला झाड आठवायचं नाही. वरून उष्णता आणि उंची, हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी, पंखाची पकड कमी, म्हणून सकाळी लवकर उडायचं आणि दुपारी ढग यायच्या आत परत. हे सगळं दहा मिनिटांत एका लहान मुलाला समजेल असं सांगितलं त्यांनी. त्यांना माझ्याकडून सहावा स्टार.

आता राइड, म्हणजे छोट्या विमानातून मारून आणतात ती फेरी. टोकन सकाळी दार उघडल्याबरोबर संपतात, आम्हाला मिळाले कारण आमच्या घरात एक माणूस पहाटेपासून तयार असतो. मग बसा वाट बघत. उन्हात. बसायला बाक चार, माणसं शंभर, सावली एका तंबूची. नंबर पुकारायचा स्पीकर इंजिनाच्या आवाजात ऐकूच येत नाही, त्यामुळे निम्मी माणसं उठून परत परत विचारून येतात. हे खरंच सुधारा, एक फळा आणि खडू पुरेल. आणि बसण्याआधी प्रत्येकाचं वजन, सामान ठेवायच्या काट्यावर, सगळ्यांसमोर. आढेवेढे घेऊन उपयोग नाही, छोट्या विमानात कोण कुठे बसणार हे वजनावरच ठरतं, मला मागे बसवलं आणि मी त्यातून काहीही अर्थ काढणार नाहीये. राइड छोटी, गेलो आणि आलो. देणगीसाठीच्या अशा उड्डाणांना सरकारी नियमच आहे की जिथून उडालं तिथेच उतरायचं, मधे कुठे थांबायचं नाही आणि 25 मैलांच्या बाहेर जायचं नाही, आणि प्रायव्हेट लायसन्सवाला वैमानिक असेल तर त्याचे किमान 500 तास झालेले हवेत. वरून शेतं दिसतात, छान वाटतं, पण तेवढ्यासाठी तीन तास उन्हात बसण्यापेक्षा मी हँगरमध्ये अजून तारा पिळल्या असत्या.

आता तो पाचवा स्टार. दुपारी मोठ्या हॉलमध्ये एक कार्यक्रम होता, नेट सेंट या एमएएफच्या वैमानिकाबद्दल. माणूस अफाट डोक्याचा. यानं एक युक्ती काढली, विमान वर गोल घिरट्या घालत राहतं, त्यातून लांबच लांब दोर सोडायचा, टोकाला बादली, आणि दोर पुरेसा लांब असेल तर ती बादली घिरटीच्या मध्याजवळ जवळपास एका जागी लटकून राहते, इतकी की खालचा माणूस तिच्यातली वस्तू काढून दुसरी ठेवू शकतो. विमान न उतरवता देवघेव. याच बादलीतून 1955 मध्ये इक्वाडोरच्या जंगलातल्या वाओरानी लोकांना तीनेक महिने भेटवस्तू सोडल्या, मग नदीकाठच्या वाळूवर विमान उतरवलं, आणि 8 जानेवारी 1956 ला वाओरानींनी त्याला आणि त्याच्या चार साथीदारांना भाल्यांनी मारलं. त्याच्या त्या छोट्या पायपर विमानाचे अवशेष आयडाहोत नॅम्पाला एमएएफच्या मुख्यालयात ठेवलेत. गोष्ट ऐकताना हॉल चिडीचूप, माझ्याही घशात आलं, खोटं कशाला बोलू.

पण नंतर प्रश्नोत्तरं होती आणि नवऱ्यानं हात वर केला. त्यानं अगदी सभ्यपणे विचारलं की 2018 मध्ये अंदमानजवळच्या नॉर्थ सेंटिनेल बेटावर एक अमेरिकन तरुण असाच गेला आणि मारला गेला, तिथे जायला कायद्यानं बंदी आहे, तिथल्या आदिवासींना आपले साधे आजारसुद्धा झेपणार नाहीत, ते बाण मारून नको म्हणतायत, मग अशा वेळी तुमच्या क्षेत्रात काय ठरतं, कुठे थांबायचं? स्टेजवरचे गृहस्थ म्हणाले फार चांगला प्रश्न आहे, आणि मग प्रेमाबद्दल बोलले, देवाच्या हाकेबद्दल बोलले, त्यागाबद्दल बोलले, आणि पुढचा प्रश्न घेतला. बस. त्यांचा धर्म त्यांनी सांगावा, त्यांचं घर आहे, आम्ही पाहुणे, त्याबद्दल माझी तक्रार शून्य. पण ज्या संस्थेचे लोक धावपट्टीवर उतरताना कुठून परत फिरायचं ते झाडाच्या खुणेनं ठरवतात, त्यांना हाच प्रश्न माणसांबाबत विचारल्यावर उत्तर तयार नसावं हे खटकलं. विशेष म्हणजे सिम्युलेटरवाले काका नंतर आम्हाला शोधत आले. म्हणाले मी आयुष्यभर ज्या गावांत उतरलो तिथल्या लोकांनी धावपट्टी स्वतः फावड्यांनी खणली होती, बोलावल्याशिवाय मी तरी उतरलो नाही, बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही. हे उत्तर स्टेजवरून यायला हवं होतं.

बाकी किरकोळ. पार्किंग गवतात, पाऊस पडून गेला असेल तर बूट घाला. स्वच्छतागृहं स्वच्छ. लहान मुलांच्या कोपऱ्यात सगळं बायबलच्या गोष्टींचं रंगकाम, तिथे चार कागदी विमानं ठेवली असती तर काय बिघडलं असतं. प्रत्येक टेबलावर ईमेल लिहून द्यायचा कागद पुढे करतात, नको म्हटलं तर आग्रह करत नाहीत. दुपारी इंजिन चालू करून दाखवतात, त्याची आधी नीट सूचना देत नाहीत, तान्हं बाळ असेल तर त्या बाजूला फिरकू नका. प्रवेश फुकट, दारात देणगीची पेटी, आम्ही हँगरच्या नावानं टाकले.

जाणार असाल तर क्रम असा ठेवा: टोकन घ्या किंवा सोडून द्या, सरळ हँगर गाठा, बारापर्यंत तिथेच राहा कारण त्यानंतर मेकॅनिक जेवायला जातात आणि परत येऊन कव्हरं लावायला सुरुवात करतात, मग बघायला उरतं ते बाहेरून चकचकीत विमान. घरात कुणी हातानं काम केलेलं वडीलधारं माणूस असेल तर त्यांना आवर्जून न्या, आणि परत निघायची वेळ त्यांना अर्धा तास आधीची सांगा.